आहेस तिथेच थांब

पत्र हेमलतानेच माझ्या हातात आणून दिलं होतं. पोस्टमनने दारातून हाक मारली की टपाल घेण्याचं काम तिचं असे. त्या दिवशी तिच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर होतं, म्हणून तिने ते डाव्या हाताने घेतलं आणि छातीशी धरून आत आणलं.

"दादा, तुझं," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

मी पाकिटाची मागची बाजू पाहिली. "वाचनालयाचं," मी म्हणालो.

ते वाचनालयाचं नव्हतं. रेश्मा तांबोळीचं होतं. एका पानाचं पत्र, सुवाच्य अक्षर, शेवटी एकच प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं, आणि ते मी अकरा वर्षं दिलं नाही. लिहायला बसलोच नाही असंही नाही. पहिल्या महिन्यात सहा मसुदे केले. एक खाडाखोड फार झाली म्हणून फाडला, एक 'आपला' लिहावं की 'आपला नम्र' हे ठरेना म्हणून. पुढे मसुदेही थांबले.

हेमलता माझी धाकटी बहीण. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. तिला लिहिता-वाचता येत नाही, आकडे कळत नाहीत, एकापाठोपाठच्या चार गोष्टी सांगितल्या तर दोन राहतात. घरात तिला सगळे बेबी म्हणायचे. आई गेली तेव्हा बेबी चाळीस वर्षांची होती आणि तिने आयुष्यात एकटीने रस्ता ओलांडला नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, लग्न केलेलं नव्हतं. आमचं घर मिरजेत. माझी निवृत्ती झाल्यावर कुणीतरी सुचवलं म्हणून मी तिला सांगलीच्या एका कार्यशाळेत घातलं. तिथे तिच्यासारखी, तिला धरून नऊ मोठी माणसं हळदीच्या पुड्या भरत. मी तिला रोज बसने पोचवायचो आणि आणायचो. मधल्या वेळात तिथल्याच बाकावर वाचत बसायचो.

रेश्मा तिथे नवी शिक्षिका म्हणून आली. वय सव्वीस-सत्तावीस. मिरजेचीच. वडिलांचं तंतुवाद्यांचं दुकान. आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला बाकावर गाठलं.

"सर, तुम्ही रोज इथे किती तास बसता?"

"पाच. पण माझं वाचन होतं."

"तुमचं होतं हो. ताईंचं काय होतं? तुम्ही बाकावर दिसलात की त्या पाणी प्यायलासुद्धा तुम्हाला विचारायला येतात."

मग ती फोन घेऊन आमच्या घरी आली. साधाच फोन, पडद्याला हात लावून चालणारा. त्यात तिने एक सोय बसवली होती. पडद्यावर एका वेळी एकच चित्र यायचं. चित्राला बोट लावलं की फोन बोलायचा, काय करायचं ते सांगायचा. ते झालं की बोट सरकवायचं, पुढचं चित्र. घराचं कुलूप, गल्ली, बसथांबा, बसचा रंग, उतरायच्या जागेजवळची पाण्याची उंच टाकी, कार्यशाळेचं हिरवं फाटक. सगळे फोटो तिने खऱ्या जागांचे काढून आणले होते. आवाज तेवढा राहिला होता.

"आवाज तुमचा हवा, सर."

"माझा कशाला? तुमचा चांगला आहे."

"ताई माझं ऐकत नाहीत. हात धुवा म्हटलं की अजून दोन पुड्या भरतात. तुमचं ऐकतात. बोला. पहिलं चित्र गॅसचं."

मी घसा साफ केला. "चहा झाल्यानंतर, शक्यतो, गॅस बंद करावा."

रेश्माने फोन खाली घेतला. "शक्यतो?"

"म्हणजे..."

"गॅस शक्यतो बंद करायचा नसतो, सर. आणि 'करावा' काय? घरात तुम्ही ताईंशी असं बोलता?"

"दादा पुस्तकात बोलतो," हेमलता म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

मी पुन्हा म्हटलं, "गॅस बंद कर, बेबी."

"बेबी नको," हेमलता म्हणाली. "हेमलता म्हण. बसमधली लोकं ऐकतात."

त्या दिवसापासून मी तिला हेमलता म्हणायला लागलो. बावीस चित्रांना दोन संध्याकाळी लागल्या. माझा आवाज मला कधी आवडलेला नाही. भाषणाची वेळ आली तर तोंडाला कोरड पडते. पण रेश्मा प्रत्येक वाक्य परत लावून दाखवायची, हेमलता मान डोलवायची, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला जमायचं.

शेवटचं चित्र लाल होतं. त्यावर काहीच काढलेलं नव्हतं, नुसता लाल रंग. अडलं तर त्याला बोट लावायचं.

"इथे म्हणा, अडलं तर कंडक्टरला विचार. नाहीतर दुकानदाराला विचार."

मी खुर्चीत मागे सरकलो.

"काय झालं?"

"अनोळखी माणसाला विचारायचं?"

"मग कुणाला?"

"रेश्माताई, मी स्वतः रस्त्यात कुणाला पत्ता विचारत नाही. पुण्यात एकदा दीड तास चालत होतो. शेवटी परत स्टेशनवर आलो."

ती हसली. मी हसलो नाही. "माणसं सगळी बरी नसतात," मी म्हणालो. "कुणी हात धरून नेलं म्हणजे?"

"सर, त्यांना विचारायला शिकवलं नाही तर त्या कधीच एकट्या होणार नाहीत. हे बाकीचं सगळं त्याच्यासाठीच आहे."

"हे मी म्हणणार नाही."

एवढ्या ठामपणे मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन. रेश्माने हेमलताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग काय म्हणाल?"

"लाल चित्र दाबलं की मला फोन लागू दे."

"आणि लागला नाही तर?"

"तीनदा लागू दे. तरी नाही लागला तर पुढे नुसतं हे वाजू दे." मी फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "आहेस तिथेच थांब. घाबरू नकोस. मी येतो."

ते पहिल्याच खेपेला नीट आलं. रेश्मा म्हणाली, "हे छान आलं," पण तिचा चेहरा तसा नव्हता. "माझाही नंबर घालते. तुम्ही नाही उचलला तर मला लागेल."

"नको. मी असतोच घरी. मला दुसरं काम काय?"

"उचलाल नक्की?"

"उचलेन."

"तीन महिने असं ठेवू, सर," ती म्हणाली. "मग मी ते बदलणार. तेव्हा भांडायचं नाही."

महिनाभर रेश्मा तिच्याबरोबर बसने जात राहिली. आधी शेजारी बसून, मग मागच्या बाकावर, मग नुसती थांब्यापर्यंत. मार्चच्या पहिल्या सोमवारी हेमलता एकटी निघाली. मी घरीच राहायचं असं ठरलं होतं. मी रिक्षा करून बसच्या मागोमाग गेलो आणि कार्यशाळेच्या समोरच्या झाडाआड उभा राहिलो. ती उतरली. पाण्याच्या टाकीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग हिरव्या फाटकाकडे चालू लागली. फाटकाशी पोचल्यावर मान न वळवता मोठ्याने म्हणाली, "दादा, मागं येऊ नको. रिक्षा दिसली मला."

मग मी खरोखरच गेलो नाही. दीड महिना ती एकटी गेली, एकटी आली. सकाळी नऊला साडी नेसून, गळ्यात फोनची पिशवी आणि माझ्या नंबराचं कार्ड अडकवून निघायची. संध्याकाळी बोटं पिवळी करून यायची आणि तिकीट माझ्यापुढे ठेवायची. ती तिकिटं मला टाकू द्यायची नाही. तोवर रेश्माने कार्यशाळेतल्या बाकीच्यांनाही असेच फोन करून दिले होते. एकदा जेवताना म्हणाली, "दादा, तुला बाहेर जायचं तर जा. मी येते माझी माझी."

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. या भागातल्या जुन्या छापखान्यांवर मी चार वर्षं टिपणं जमवत होतो. त्यांचा एक निबंध झाला होता, अकरा पानांचा. वाचनालयाच्या चिटणिसांनी तो मागून नेला आणि परस्पर पत्रिकेत माझं नाव छापलं. निबंधवाचन, चार वाजता. मी नाही म्हणायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा नाही न म्हणता परत आलो.

हेमलता साडेतीनला सुटून साडेचारपर्यंत घरी यायची. किल्ली तिच्याजवळ होती. मी तिला सकाळी सांगितलं, "आज मी सहा वाजता येईन."

"भाषण आहे तुझं," ती म्हणाली. "पाणी पिऊन जा."

निबंध वाचायला वीस मिनिटं दिली होती. मी फोन वेळ बघायला टेबलावर पेल्याशेजारी ठेवला. सत्तरएक माणसं होती. पहिली दोन पानं माझा आवाज थरथरत होता, तिसऱ्या पानावर कुणीतरी हसलं, योग्य जागी, आणि मग मला सूर सापडला. शेवटी टाळ्या झाल्या. कोल्हापूरहून आलेले अध्यक्ष म्हणाले की बोडसांनी याचं पुस्तक करावं. चहाच्या वेळी माझ्याभोवती पाच-सहा माणसं होती. असं माझ्या आयुष्यात आधी घडलं नव्हतं, नंतरही घडलं नाही.

साडेसहाला फोन आला. अनोळखी नंबर.

"ओ काका, तुम्ही ह्या बाईंचं कोण? गळ्यातल्या कार्डावर नंबर हाय तुमचा."

मी रिक्षाने गेलो. सांगली-मिरज रस्त्यावर, अर्ध्या वाटेवर, उसाच्या रसाचा एक गाडा होता. त्याच्या फळीवर हेमलताला निजवलं होतं. चेहरा लालबुंद, ओठ फाटलेले, साडी खालून ओली. उजवं मनगट सुजलेलं. एक बाई तिच्या कपाळावर ओला फडका धरून होती. फोनचा पडदा फुटून तो बाजूला पडला होता.

रसवाला पंचावन्नचा माणूस, डोक्याला टॉवेल. मला बघून तो आधी काही बोललाच नाही.

"चार वाजता बस बंद पडली," मग म्हणाला. "बाकीची मानसं दुसऱ्या गाडीनं गेली. ह्या उतरल्या आन उभ्या ऱ्हायल्या, तिथं, त्या खांबापाशी. उनात. म्हटलं, मावशी, सावलीला या, खुर्ची देतो. नको म्हनल्या. रस पाजतो म्हटलं, हितं येऊन प्या. नको. दादा येतोय म्हनल्या, हलायचं न्हाई. एक पोरगा हात धरून ओढाय लागला, चांगल्या मनानंच बरं का, तर खांबाला मिठी मारली ह्यांनी."

"मला कळवायचं होतं..."

"काय कळवायचं? तुमचा आवाज येतोय की ओ फोनमधनं. बटन दाबतात आन तुम्ही बोलताय. मी येतो, मी येतो. शंभर येळा ऐकलं असंल. मी म्हटलं, हा मानूस कुठनं यायलाय, मुंबैवनं काय?" त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "साडेसाला पडल्या. हातावर पडल्या."

मी फळीजवळ वाकलो. हेमलताने डोळे उघडले.

"दादा," ती म्हणाली, "मी हलले नाही."

दोन दिवस सलाईन आणि मनगटाला प्लॅस्टर, एवढ्यावर निभावलं. तिसऱ्या दिवशी कार्यशाळेत बैठक झाली. अध्यक्ष मगदूमसाहेब, दोन विश्वस्त, नऊ घरची माणसं आणि रेश्मा. खोलीत हळदीचा वास होता. हेमलता सोडून बाकीची माणसं शेजारच्या खोलीत पुड्या भरत होती, त्यांचा आवाज येत होता.

मगदूमसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पदरमोड करून ती संस्था चालवली होती. ते म्हणाले, "यंत्राच्या भरवशावर ही माणसं रस्त्यावर सोडायची नव्हती. मला सुरुवातीलाच पटलं नव्हतं. रेश्मा, तुझा हेतू चांगला असेल. पण आज बोडसांच्या बहिणीवर बेतलं. उद्या?"

रेश्मा म्हणाली, "फोन चालत होता, सर. रसवाल्यांनी आवाज ऐकलाय."

"चालत होता तर यांना का लागला नाही?" ते माझ्याकडे वळले. "बोडससर, तुम्हाला फोन आला होता का त्या वेळी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रेश्मानेही.

"मी सभागृहात होतो," मी म्हणालो. "वाचत होतो. मला... काही कळलं नाही."

"झालं," मगदूमसाहेब म्हणाले. "म्हणजे लागलाच नाही. रेंज नसेल, काय असेल. यंत्र ते यंत्र. सगळ्यांचे फोन परत जमा करा."

कोपऱ्यातून नाईकवाडेबाई उठल्या. त्यांचा प्रमोद तीस वर्षांचा, बोलायला अडखळायचा. "साहेब, माझ्या पोराचा फोन काढून घेऊ नका. तीस वर्षांत पहिल्यांदा तो एकटा गिरणीत जाऊन दळण आणतो. गिरणीवाला त्याला प्रमोदशेठ म्हणतो."

"वहिनी, त्याला काही झालं तर माझ्याच दारात याल ना?"

नाईकवाडेबाई खाली बसल्या. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. तिथे कुणीतरी पिवळ्या बोटांचे ठसे उमटवले होते. निघताना दारात संस्थेच्या चिटणिसांनी नऊच्या नऊ फोन एका पत्र्याच्या डब्यात गोळा केले. आमचा फुटलेला होता, तोही घेतला. प्रमोद आपला देईना. आईने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

माझ्या गप्प बसण्याला लोक सभ्यपणा समजतात, हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या दिवशी दोघांनी माझे हात हातात घेतले. एक म्हणाला, दुसरा असता तर पोलिसात गेला असता.

रेश्माने दुसऱ्या दिवशी काम सोडलं. पत्र त्यानंतर बारा दिवसांनी आलं. तिच्या वडिलांच्या दुकानाचा पत्ता होता.

'आदरणीय सर,' तिने लिहिलं होतं. 'तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते. ताईंचा हात कसा आहे? मला नोकरी परत नको आणि मी कुणाला काही दाखवणारही नाही. मला फक्त स्वतःसाठी एक कळायला हवं आहे. फोन लागलाच नसेल तर ती माझी चूक आहे, मी बसवलेलं नीट नव्हतं, आणि मग हे काम मी पुन्हा करणार नाही. कारण माझ्यावर विश्वास ठेवून माणसं रस्त्यावर उभी राहतात. पण लागला असेल तर मी दुसरीकडे पुन्हा सुरू करीन. त्या दिवशी ताईंचा फोन तुमच्याकडे वाजला होता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.'

वाजला होता.

मी चौथ्या पानावर होतो. पेल्याशेजारी फोन थरथरला आणि पडद्यावर हेमलताचा फोटो आला. तो रेश्माने काढलेला होता, तोंडभर हसणारा. मी तो पाहिला. समोर सत्तर माणसं होती आणि पहिल्यांदाच माझा आवाज लागला होता. मला वाटलं, घरी पोचली असेल, सांगायला करत असेल. हे मला खरंच वाटलं की नंतर मी ते वाटून घेतलं, आता सांगता येत नाही. फोन मी पालथा घातला. तो पालथा असताना आणखी दोनदा थरथरला, पेल्यातलं पाणी हललं, आणि मी वाचत राहिलो. मग टाळ्या झाल्या, मग चहा झाला. चहा पिताना फोन माझ्या खिशात होता. तो काढून बघायला मला दोन तासांत एकदाही सुचलं नाही. त्या रात्री घरी फोनवरची ती तीन बोलावणी मी पुसून टाकली. कुणी मागितलेलीही नव्हती.

'हो' लिहायचं म्हणजे मगदूमसाहेबांना, नाईकवाडेबाईंना, सगळ्यांना कळणार. रेश्मा दाखवणार नाही म्हणाली होती, तरी मला कळणार. 'नाही' लिहवेना. मी काहीच लिहिलं नाही. त्याचा अर्थ तिने काय घेतला असेल हे मला समजत होतं.

हेमलताला मी पुन्हा कार्यशाळेत पाठवलं नाही. तिला सांगितलं, "एकटीने दाराबाहेर जायचं नाही." पहिलं वर्षभर ती रोज सकाळी नऊला साडी नेसून, गळ्यात रिकामी पिशवी अडकवून कॉटवर बसायची. मी वाचत असायचो. अकरा वाजले की पिशवी काढून खुंटीला लावायची. मग एक दिवस ती गाऊनवरच राहिली, आणि पुढे तसंच चालू झालं. मी वाचनालयात जायचं सोडलं. दोघं घरात, दार लावून. लोक म्हणायचे, बहिणीचं किती करतात.

गेल्या सप्टेंबरात मी न्हाणीघरात पडलो. सकाळचे सात वाजले असतील. कमरेखाली पाय हलेना. फोन दुरुस्तीला दिलेला होता.

"हेमलता," मी हाक मारली. ती आली. "वरच्या जकातेबाईंना बोलाव."

"वरच्या म्हणजे बाहेर?"

"जिन्याने वर. जा."

"बाहेर जायचं नाही."

"आता जायचं. मी सांगतोय ना."

ती गेली. कडी वाजलेली मी ऐकली. दार करकरलं. मग बराच वेळ काही नाही. ती परत आली.

"चित्र दे," ती म्हणाली.

"चित्र नाही माझ्याकडे."

"मग कसं जाऊ?"

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर ओरडलो नव्हतो. ती पुन्हा दारापर्यंत गेली आणि पुन्हा आली. मग माझ्याजवळ ओल्या फरशीवर बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याच चालीत, माझ्याच आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस." अकरा वाजता जकातेबाई भांडं परत द्यायला आल्या, तोवर चार तास आम्ही तसेच होतो.

खुब्याचं ऑपरेशन झालं. मी पलंगावर पडून. जकातेबाई फटकळ बाई. दोन्ही वेळचा डबा पाठवायच्या आणि वर बोलायच्याही.

"यांना तुम्ही घरात का कोंडलंय ओ, बोडस? चांगल्या धडधाकट आहेत. माझ्याबरोबर पाठवा दुधाला."

"ती घाबरते."

"कोण घाबरतंय ते दिसतंय मला."

हेमलता त्यांच्याबरोबर दुधाला जाऊ लागली. आठ दिवस त्यांचा हात धरून. नवव्या दिवशी पिशवी घेऊन आली ती एकटीच. मागून जकातेबाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "आज मी गेलेच नव्हते." हेमलता पुन्हा साडी नेसायला लागली होती. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी पडून होतो म्हणूनच ते झालं, हेही मला दिसत होतं.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. एका बैठकीत, कच्चं न करता.

'हो. तीन वेळा वाजला. पहिल्या वेळी हेमलताचा फोटो मी पाहिला आणि फोन पालथा घातला. तुम्ही बसवलेलं नीट होतं. विचारायला शिकवू नका असं मीच म्हटलं होतं, आणि ते वाक्य माझं होतं. बैठकीत मी खोटं बोललो आणि सगळ्यांचा गैरसमज होऊ दिला. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा. मगदूमसाहेबांनी सोडल्यावर संस्था ज्यांच्याकडे गेली त्यांनाही वेगळं लिहितो आहे. तुम्ही ते काम पुढे केलंत की नाही, हे विचारण्याचा मला हक्क नाही. हेमलता आज एकटी दूध घेऊन आली.'

पत्ता तोच लिहिला. ते दुकान अजून आहे, दवाखान्यातून येताना पाटी पाहिली होती. पाकीट चिकटवून तिकीट लावून ठेवलं. सकाळी ते जकातेबाईंकडे द्यावं असं ठरवलं होतं. पण सकाळी हेमलताने ते उचललं.

"हे टाकायचं आहे? मी टाकते."

मी नाही म्हणणार होतो. कोपऱ्यावर पोस्टाची पेटी होती, दूधवाल्याच्याही पलीकडे, चौकात. मी एका पुठ्ठ्यावर चित्रं काढली. दार, दूधवाला, इस्त्रीचं दुकान, लाल पेटी. मला चित्रं येत नाहीत. पेटी बादलीसारखी दिसत होती. तिने पुठ्ठा जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"बरं," म्हणाली आणि गेली.

दहा मिनिटांचं काम. घड्याळ माझ्यासमोरच्या भिंतीवर होतं. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. फोन उशाशी होता, पण तिच्याजवळ फोन नव्हता. मी वॉकर ओढून घेतला आणि उठायचा प्रयत्न केला, पलंगाच्या कडेपर्यंतच आलो. जकातेबाईंना हाक मारली. त्या घरात नव्हत्या. चाळीस मिनिटं झाली. मला त्या रसवाल्याचा चेहरा आठवत राहिला, तो आधी काहीच बोलला नव्हता ते.

पन्नास मिनिटांनी जिन्याशी चपला वाजल्या. हेमलता आत आली. कपाळावर घाम, पदर खोचलेला.

"इतका वेळ कुठे होतीस?"

तिने पुठ्ठा माझ्या मांडीवर टाकला. "तिथं पेटी नाही."

"कोपऱ्यावर? लाल?"

"नाही. इस्त्रीवाला म्हणाला, कधीच काढली. लई वर्षं झाली. तू चुकीचं चित्र काढलंस."

"मग पत्र परत आणलंस ना?"

ती स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मी थांबलो. ती सावकाश बाहेर आली, तोंड पुसत.

"मोठ्या पोस्टात गेले. इस्त्रीवाल्याला विचारलं, मग एका बाईला, मग पोलिसाला. पोलिसानं रस्ता ओलांडून दिला."

"आणि टाकलंस?"

"टाकलं."

"नीट आत पडलं का?"

"हात घालून बघितलं," हेमलता म्हणाली. "पडलंय."